सोळा बाय सोळात मावेल तेवढंच

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचं खरं काम कोणी बघत नाही, आणि ते एका अर्थी बरंच आहे. पतसंस्थेचंच सॉफ्टवेअर घ्या. दामदुप्पट ठेवीचं व्याज कसं बसतं, थकलेलं कर्ज एनपीएत कधी जातं, ३१ मार्चच्या रात्री जुळलेला ताळेबंद १ एप्रिलच्या सकाळी का जुळत नाही, यांतलं काहीही संचालक मंडळ विचारत नाही. आपण होऊन सांगायला गेलं तर चहा मागवतात. पण या सगळ्याच्या तोंडावर, डेस्कटॉपवर, करंगळीच्या नखाएवढं एक चित्र असतं. त्या चित्राबद्दल मात्र प्रत्येकाला मत असतं. चेअरमनना असतं, व्हाइस चेअरमनना त्याच्या बरोबर उलट असतं, आणि चहा घेऊन आलेल्या शिपायाचं दोघांपेक्षा बरं असतं.

हे चित्र बनवण्याला आमच्या धंद्यात कोणी काम म्हणत नाही. कोटेशनमध्ये त्याची ओळ नसते, बिलात त्याचा आकडा नसतो. मीटिंग संपते, सगळे उठतात आणि चपला घालता घालता कोणीतरी म्हणतं, "आणि तेवढा आपला लोगो टाका त्याच्यावर." चपला घालताना सांगितलेली कामं सगळ्यांत जास्त दिवस खातात, हा या धंद्यातला पहिला नियम.

एका तालुक्याच्या गावच्या पतसंस्थेचं काम आमच्याकडे होतं. तिच्या लोगोत मध्यभागी शेतकरी. डोक्याला राणी कलरचा फेटा, खांद्यावर नांगर. शेजारी पांढराशुभ्र खिलार बैल. मागे उगवता सूर्य, किरणांसकट. डावीकडे ऊस, उजवीकडे ज्वारीचं कणीस, पायाशी समई, समईखाली हातात हात दिलेले दोन हात. सगळ्याभोवती दातेरी चाक. चाकाभोवती गोलात संस्थेचं पूर्ण नाव, रजिस्टर नंबरासह, आणि तळाला फितीवर घोषवाक्य. शेतीत हे चाक कुठून आलं म्हणून विचारलं, तर मॅनेजर म्हणाले, "पहिल्या संचालकांत एकांची पिठाची गिरणी होती."

लोगोची फाइल मागितली की ती लगेच येत नाही. आधी वर्डमधलं लेटरहेड येतं. मग संस्थेच्या दारावरच्या बोर्डाचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, त्यात सूर्यावरून विजेची वायर गेलेली असते. मग कळतं की मूळ फाइल फ्लेक्सवाल्याकडे आहे, कोरलमध्ये आहे, ती त्याच्याच मशीनवर उघडते आणि तो गावच्या यात्रेला गेला आहे. शेवटी संस्थेतलं कोणीतरी पेंट उघडून, मिळालं ते चिकटवून, 'सेव्ह अ‍ॅज' करून एक बिटमॅप पाठवतं. आमच्याकडे आला तो २००० बाय २००० पिक्सेलचा होता. म्हणजे ४० लाख ठिपके, प्रत्येकी तीन बाइट, वर फाइलच्या डोक्यावरचे ५४. एकूण १ कोटी २० लाख ५४ बाइट.

आणि खिडकीच्या वरच्या पट्टीत जो आयकॉन बसतो, तो १६ बाय १६. एकूण ठिपके २५६. भागाकार केला तर एका ठिपक्यामागे १५,६२५ ठिपक्यांचा मतदारसंघ येतो. एवढ्या लोकांतून एकच निवडून जाणार म्हटल्यावर बाकीच्यांची नाराजी गृहीतच धरायला हवी.

बिटमॅप ही स्वभावाने सरळ, पण बोलायला लांबण लावणारी फाइल. कॉम्प्रेशन वगैरे आडपडदा नाही. निळा किती, हिरवा किती, लाल किती, असं एकेका ठिपक्याचं सविस्तर सांगत जाते. प्रत्येक ओळ चाराच्या पटीत भरली पाहिजे असा तिचा दंडक. कमी पडलं तर रिकामे बाइट घालून ओळ पुरी करते. आणि चित्र लिहिते ते खालून वर. त्यामुळे आमच्या फाइलमध्ये सगळ्यांत आधी घोषवाक्याचा तळ होता, मग हात, मग समई, आणि सूर्य अगदी शेवटी उगवत होता.

आमच्याकडे नुकताच लागलेला एक मुलगा होता. त्याला म्हटलं, याचा आयकॉन कर. अर्ध्या मिनिटात म्हणाला, "सर, झालं." त्याने फाइलच्या नावातलं डॉट बीएमपी खोडून डॉट आयसीओ लिहिलं होतं. हे जगात प्रत्येक जण एकदा तरी करतो. विंडोज फाइलचं आडनाव बघून दारात उभं करून घेते, पण पाटावर बसवायच्या आधी कुंडली मागते. डॉट नेटमध्ये तर यासाठी एक खास एरर मेसेज आहे. त्याचा मथितार्थ असा, की चित्र म्हणून जे दिलं आहे ते आयकॉन म्हणून वापरता येईल असं चित्र असलं पाहिजे. यात कोणालाही वाद नाही. वाद एवढाच, की तसं ते करायचं कसं, हे त्या वाक्यात नाही.

कुंडलीत काय असतं? पहिले दोन बाइट शून्य. ते राखीव. कोणासाठी राखीव आहेत ते बसायला अजून कोणी आलेलं नाही. पुढच्या दोन बाइटांत १ असेल तर आयकॉन, २ असेल तर माऊसचा कर्सर. त्यापुढे, आत किती चित्रं आहेत तो आकडा. कारण आयकॉन म्हणजे एक चित्र नव्हे. एकाच फाइलमध्ये एकाच चित्राच्या लहान-मोठ्या आवृत्त्या नांदत असतात. खिडकीच्या पट्टीला १६ ची, डेस्कटॉपला ३२ नाहीतर ४८ ची, आणि एक्सप्लोररमध्ये कोणी 'एक्स्ट्रा लार्ज' केलं तर २५६ ची. मग प्रत्येक चित्रासाठी १६ बाइटांची एक नोंद: रुंदी, उंची, रंग, वजन, आणि फाइलमध्ये कितव्या बाइटापासून राहायला आहे तो पत्ता.

यातली रुंदी लिहायला जागा एका बाइटाची. एका बाइटात ० ते २५५ बसतात. हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या काळी ३२ ठिपक्यांचा आयकॉन म्हणजे चैन होती. पुढे विंडोज ९५ आली आणि २५६ चा आयकॉनही चालावा असं ठरलं. बाइट वाढवावा तर जगातल्या जुन्या फाइली बिघडणार. तेव्हा तोडगा असा, की रुंदीच्या जागी ० लिहिलेला असेल तर तो २५६ समजावा. शून्य रुंदीचं चित्र कोणी काढत नाही, तेव्हा व्यवहाराला अडचण नाही. संस्थेच्या कॅशियर मॅडमना हे मी सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघत एवढंच विचारलं, "ऑडिटला चालतं?"

याहून मजा आत आहे. आतलं चित्र १६ उंचीचं असलं तरी स्वतःची उंची ३२ सांगतं. हा खोटेपणा नव्हे. चित्राच्या जोडीला तेवढ्याच मापाचं दुसरं एक चित्र असतं, त्याला मास्क म्हणतात. त्यात रंग नाहीत, एका ठिपक्याला एक बिट. शून्य असेल तर इथे आमचा रंग दाखवा, एक असेल तर इथे आम्ही नाही, मागचं दिसू द्या. स्क्रीनवरचा मूळ ठिपका आधी मास्कबरोबर 'अँड' करायचा, मग चित्राबरोबर 'एक्सऑर' करायचा, की आयकॉन उमटतो. मास्कमध्ये एक आणि चित्रात पांढरा अशी जोडी जमली तर मागचा रंग उलटा होतो. मजकुरात फिरणारी ती उभी कर्सर-दांडी पांढऱ्यावर काळी आणि काळ्यावर पांढरी दिसते, ती या युक्तीने. थोडक्यात काय, तर हजेरीचा जेवढा कागद, गैरहजेरीचाही तेवढ्याच रकान्यांचा कागद. आपण कुठे नाही आहोत याचा इतका चोख हिशेब ठेवणारी व्यवस्था मी दुसरी पाहिलेली नाही.

२००१ च्या विंडोज एक्सपीपासून आयकॉनमध्ये ३२ बिटांचा रंग आला. आता ठिपका आहे किंवा नाही एवढंच नव्हे, तर किती आहे हेही २५६ पायऱ्यांत सांगता येऊ लागलं. कडा मऊ झाल्या, सावल्या पडू लागल्या. जुना मास्क मात्र निवृत्त झाला नाही. अजूनही तो फाइलमध्ये येऊन बसतो, आणि काम नसतानाही मस्टरवर त्याची सही असते.

पेंटमधून आलेल्या बिटमॅपला यांतलं काहीच नसतं. त्याला आरपार हा प्रकार ठाऊक नाही. पांढरी पार्श्वभूमीसुद्धा तो इमानाने पांढरी रंगवतो. मग त्यातली पार्श्वभूमी कुठली आणि चित्र कुठलं, हे सांगायला प्रोग्रॅमरांनी जुना संकेत पाडलेला आहे: जिथे काही दिसू नये तिथे लाल २५५, हिरवा ०, निळा २५५ असा रंग भरा. मजेंटा. व्हिज्युअल स्टुडिओत टूलबारवर बटण टाकलं की त्याच्या कोडमध्ये हा रंग आपोआप लिहून येतो. तर्क असा, की इतका भडक रंग शहाणा माणूस खऱ्या चित्रात वापरणारच नाही.

हा तर्क लढवणाऱ्यांनी आपल्याकडचं लग्न पाहिलेलं नसावं. त्यांचा मजेंटा म्हणजे आपला राणी कलर. फेटे त्याचे, ब्लाउजपीस त्याचे, ट्रॅक्टरच्या आरशाला बांधलेले गोंडे त्याचे, पत्रिकेवरचा गणपतीसुद्धा त्याच शाईतला. फ्लेक्सवाल्याने शेतकऱ्याचा फेटा शुद्ध राणी कलरने भरला होता. आयकॉन बनला आणि फेटा उडाला. त्या जागेतून मागचं वॉलपेपर दिसू लागलं. संस्थेच्या मशीनवर एक्सपीचं ते प्रसिद्ध वॉलपेपर होतं: हिरवी टेकडी, निळं आकाश. चार्ल्स ओ'रिअर या छायाचित्रकाराने १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात काढलेला फोटो. आमचा शेतकरी खांद्यावर नांगर आणि डोक्यावर सोनोमाची टेकडी घेऊन उभा होता. चेअरमननी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बोडका का केलाय हो त्याला?"

राणी कलर बाद झाल्यावर दुसरी रीत. चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातला ठिपका ज्या रंगाचा, तो रंग सगळीकडे आरपार. डेल्फीत बटणांवरची चित्रं याच रीतीने चालत. डॉट नेटमध्ये 'मेकट्रान्सपरंट'ला रंग सांगितला नाही तर तेही हाच कोपरा पकडतं. बाकीच्या ३९ लाख ९९ हजार ९९९ ठिपक्यांना कोणी विचारत नाही. कोपऱ्यात बसलेला एक जण काय ते ठरवतो. सहकारात हे नवीन नसल्यामुळे कोणाला धक्का बसला नाही. आमच्या कोपऱ्यातला ठिपका पांढरा. पार्श्वभूमी गेली, ती झकास गेली. तिच्याबरोबर बैलही गेला.

तोही पुरता गेला असता तर एक बरं. चित्र वाटेत कधीतरी जेपीईजी होऊन आलेलं. जेपीईजी पांढऱ्याला पांढरा ठेवत नाही. कुठे २५५ चा २५४ करतं, कुठे २५१. डोळ्याला फरक कळत नाही, प्रोग्रॅमला मात्र कळतो. नेमका २५५ होता तेवढाच बैल आरपार झाला, उरलेला राहिला. सबंध अंगावर निळे-हिरवे नकाशे आणि भोवतीने पांढऱ्या धुळीची कड. मॅनेजर शेतकरी माणूस. म्हणाले, "खिलार दिला होता, तुम्ही त्याचा एचएफ केलात."

शेवटी पार्श्वभूमी हाताने, ठिपका ठिपका बघून काढली. चित्र २५६ ला सुरेख दिसलं. ४८ ला बरं दिसलं. ३२ ला हे काहीतरी शेतीविषयक आहे इतपत कळत होतं. १६ ला मात्र कोणीतरी पान खाऊन कोपऱ्यात टाकल्यागत एक डाग उरला. कॉम्प्युटरचा यात दोष नाही. १५,६२५ ठिपक्यांची सरासरी काढ म्हटलं, त्याने काढली. ऊस, कणीस, नांगर आणि गिरणीचं चाक यांची सरासरी मातकट येते, त्याला तो काय करणार?

म्हणजे काहीतरी गाळायला हवं. हा विषय मासिक सभेत आयत्या वेळच्या विषयांत आला आणि मला बोलावणं आलं. तिथे कळलं की लोगोतल्या प्रत्येक वस्तूचा एकेक पालक सभेला हजर आहे. ऊस काढायचा म्हटलं तर कारखान्याशी संबंधित दोघे खुर्चीत सरळ बसले. कणीस काढा म्हटलं तर कोरडवाहू भागाचे प्रतिनिधी म्हणाले, उसाला पाणी आणि आम्हाला हेच का. चाकाला हात लावायचा प्रश्नच नव्हता, गिरणीवाल्यांचे चिरंजीव आता संचालक होते. सूर्याला कोणी वाली नसेल असं वाटलं, तर तो संस्थेच्या नावातच निघाला. घोषवाक्य तेवढं सर्वानुमते गाळायचं ठरलं. ते १६ ठिपक्यांत कधी दिसलंच नव्हतं. 'घोषवाक्य कमी करून मोठा बदल करण्यात आला' अशी नोंद प्रोसिडिंगमध्ये झाली.

मग नुसतं अक्षर टाकू या, अशी सूचना आली. इंग्रजीवाले पहिलं अक्षर टाकून मोकळे होतात, आपण का नाही? देवनागरीला १६ ओळींत बसवून बघा म्हणजे कळेल. शिरोरेखेला एक ओळ गेली. वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांना वर चार ओळी. उकाराला खाली तीन. मध्ये अक्षराला उरतात आठ, त्यात संस्थेचं नाव 'श्री'ने सुरू होणारं. शला एक गाठ, रला एक फाटा, दीर्घ वेलांटीला वळण. एवढं करून जे उमटलं ते व्हाइस चेअरमननी मोबाइल लांब धरून, जवळ धरून वाचलं आणि विचारलं, "हे ओव्हरड्राफ्टचं काही आहे का?"

या कामाचा जगातला वस्तुपाठ सुझन केअर या बाईंनी घालून दिलेला आहे. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशचे आयकॉन त्यांनी काढले. शिक्षण कलेतलं, पीएच.डी.पर्यंत, संगणकाशी संबंध नव्हता. चौकटींची वही घेतली, ३२ बाय ३२ घरं आखली आणि पेनाने घरं भरत बसल्या. काळा आणि पांढरा, तिसरा रंग नाही. कचऱ्याचा डबा, रंगाची बादली, हसरा मॅक, मशीन बिघडल्यावर दिसणारा बॉम्ब, सगळं त्या १,०२४ घरांत. नंतर त्यांनी १९९० च्या विंडोज ३.० चेही आयकॉन केले, आणि सॉलिटेअरचे पत्तेही, ज्यांवर आपल्याकडच्या निम्म्या कार्यालयांच्या दुपारी गेल्या. मोठं चित्र घेऊन ते चेपण्याच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. लहान जागेसाठी त्यांनी लहान चित्रच काढलं. मोझेक आणि सुईकाम त्यांनी आधी केलेलं होतं, त्यामुळे मोजक्या घरांत काम भागवायची सवय होती.

सुईकामावरून आठवलं. सभा चालू असताना कॅशियर मॅडम व्हाउचरवर सह्या घ्यायला आत आल्या होत्या. टेबलावरचा माझा चौकटींचा कागद त्यांनी उचलला. "किती घरं?" म्हणाल्या. सोळा बाय सोळा. "मग यात माणूस कशाला घालताय? तोंड यायलाच सहा-सात घरं लागतात." मॅडम दोसुतीवर फुलीचा टाका घालणाऱ्या. घरची तोरणं, पडदे, उशीचे अभ्रे सगळं त्यांच्या हातचं. कागद घेऊन त्या काउंटरवर गेल्या आणि क्लीअरिंग झाल्यावर पेन्सिल काढली.

त्यांनी समई घेतली. बैलाला चार पाय असतात, शेतकऱ्याला तोंड असतं, समईला नुसती बाह्यरेषा असते, हे त्यांचं कारण. मधोमध दांडा घालायला गेल्या आणि थांबल्या. "सोळाला मध्य नाही." बरोबर होतं. सम आकड्याला मधलं घर नसतं. दांडा दोन घरांचा केला तर समईचा खांब होतो, एका घराचा केला तर समई एका अंगाला कलते. आयकॉन काढणारे भले भले इथे अडखळतात. मॅडमनी उजवीकडचा एक उभा रकाना पेन्सिलने काट मारून सोडून दिला. राहिले पंधरा, आठवा मध्य. खाली बैठक नऊ घरांची, तिच्यावर पाच घरांची पायरी, मग एका घराचा सरळ दांडा, मध्ये तीन घरांचा मणी, वर सात घरांचं तबक, त्यावर ज्योत: खाली दोन घरं नारिंगी, टोकाला एक पिवळं. मग म्हणाल्या, "कापड कुठल्या रंगाचं?" म्हणजे मागचा रंग कोणता. मी म्हटलं, कोणाचा पांढरा, कोणाचा काळा, भरवसा नाही. त्यांनी भोवतीने गडद तपकिरी एकेरी रेघ फिरवली. मोठमोठ्या कंपन्यांच्या मार्गदर्शिकांत हेच चार पानं सांगितलेलं असतं.

आता राहिला संचालक मंडळाचा प्रश्न. तो आयसीओ या फाइलनेच सोडवला. तिच्यात प्रत्येक मापाचं चित्र वेगळं ठेवता येतं. ती एकमेकांसारखी असावीत अशी सक्ती नाही. २५६ ला आम्ही संपूर्ण लोगो ठेवला, फेट्यासह आणि घोषवाक्यासह. ४८ ला शेतकरी आणि बैल. ३२ ला चाक, चाकात ऊस, कणीस आणि मध्ये मॅडमची समई. १६ ला नुसती समई. प्रत्येकाला आपापल्या कुवतीप्रमाणे प्रतिनिधित्व, आणि कोणाचं काय दिसेल हे बघणाऱ्याच्या सेटिंगवर. इतकी सहकारी तत्त्वावर चालणारी दुसरी फाइल नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. चेअरमनच्या चिरंजीवांच्या लॅपटॉपवर डिस्प्ले १२५ टक्क्यांवर होता, तिथे २० ठिपक्यांचा आयकॉन लागतो. मग २० चाही एक केला, कारण चिरंजीव बघणार होते.

आमच्या मुलाने दरम्यान इंटरनेटवर वाचलं, की इमेजमॅजिक नावाच्या फुकट साधनाने हे सगळं एका आज्ञेत होतं. त्या आज्ञेचं नाव 'कन्व्हर्ट'. त्याने काळ्या खिडकीत टाइप केली. साधन अजून मशीनवर नव्हतं, पण उत्तर आलं. विंडोजमध्ये त्याच नावाचा दुसरा एक जुना कर्मचारी आहे; त्याचं काम फॅट प्रकारच्या डिस्कची एनटीएफएस करणं. मुलगा चित्र घेऊन नेमका त्याच्या टेबलाशी उभा राहिला होता. सुदैवाने तो माणूस कागदपत्रांच्या बाबतीत कडक. पॅरामीटर चुकीचा आहे म्हणून त्याने फाइल परत केली.

कोडमधून चालता-बोलता आयकॉन बनवायची सोय डॉट नेटने दिली आहे. बिटमॅपला 'गेटएचआयकॉन' म्हणायचं, की तो आयकॉनचं हँडल हातात ठेवतो. घेताना कोणी काही विचारत नाही. परत करायचं ते मात्र 'डिस्ट्रॉयआयकॉन'ने, आणि ते फंक्शन दुसऱ्याच ऑफिसात, युझर३२ मध्ये. हे ज्याला कोणी सांगितलेलं नसतं तो घड्याळाशेजारच्या आयकॉनवर टोकन नंबर दाखवायला दर सेकंदाला नवा आयकॉन काढतो आणि जुना तसाच सोडून देतो. एका प्रोग्रॅमला अशी हँडल मिळतात साधारण दहा हजार. दहा हजार सेकंद म्हणजे पावणेतीन तास. शाखा दहाला उघडली तर जेवणाच्या सुट्टीच्या आतच कोटा संपतो, आणि स्क्रीनवर मजकूर येतो: जीडीआय प्लसमध्ये एक सर्वसाधारण त्रुटी उद्भवली आहे. असाधारण त्रुटी कशी असते, हे अद्याप कोणी पाहिलेलं नाही. आणि असा आयकॉन डॉट नेट फ्रेमवर्कमधून सरळ फाइलमध्ये सेव्ह करायला जावं, तर लाखो रंगांतले सोळा शिल्लक राहतात. वसुलीचं हे प्रमाण सहकार खात्यालाही मान्य होणार नाही.

सगळं झालं, नवी एक्झी फाइल मशीनवर टाकली, आणि डेस्कटॉपवर जुनाच आयकॉन. विंडोज एकदा पाहिलेलं चित्र आपल्या साठ्यात ठेवते आणि दर वेळी तेच काढून दाखवते. फाइल बदलली तरी तिचा पहिल्या दर्शनावर विश्वास. मग सुरू होतं ते आपल्या देशातलं सार्वत्रिक कर्म. उजवं बटण, रिफ्रेश. उजवं बटण, रिफ्रेश. याने तो साठा रिकामा होत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. तरी मॅनेजरनी केलं, मुलाने केलं, चेअरमननी उभ्या उभ्या दोनदा केलं. शेवटी आयकॉनकॅश डॉट डीबी ही फाइल उडवून मशीन चालू केलं तेव्हा समई दिसली. टाळ्या वाजल्या. नारळ फुटला.

दुसऱ्या सोमवारी सकाळी शाखेतून फोन आला. "सर, सॉफ्टवेअर गेलं."

"गेलं म्हणजे? उघडत नाही?"

"उघडायला हवं ना. नाहीये. वरून तिसरं होतं. आता तिथे रीसायकल बिन आहे."

रात्री कोणीतरी डेस्कटॉपवर 'सॉर्ट बाय नेम' केलं होतं. सगळे आयकॉन जागच्या जागी होते, फक्त जागा बदलल्या होत्या. मॅडमनी स्वतः काढलेली समई चौथ्या रांगेत त्यांच्याकडे बघत होती आणि त्या वरून तिसऱ्यावर डबल क्लिक करत होत्या. काउंटरला वीस माणसं उभी असताना कोण चित्र बघत बसतं? हात आपोआप जातो. मी समई कुठे आहे ते सांगितलं. पाच मिनिटांत पहिली पावती निघाली.

पुढच्या पंचवार्षिकला पॅनेल पडलं. नवे चेअरमन आले, त्याच खुर्चीत बसले आणि पहिल्याच सभेत लोगो बदलायचा ठरला. चाक रद्द, त्या जागी दुधाचा कॅन. बैलाऐवजी खरोखरच एचएफ. घोषवाक्य आता दोन ओळींचं. निघताना, चपला घालता घालता, "तेवढं ते चित्रही बदला" असं सांगणं झालं. मी काउंटरवरून जाताना मॅडमनी पैसे मोजणं न थांबवता मान वर केली.

"चित्र काय हवं ते बदला हो सर," म्हणाल्या, "जागा तेवढी वरून तिसरीच ठेवा."